कावळ्यांचा शोक, खारींच्या हाका आणि पीएचडीची जागा

ताई,

मी चोवीस वर्षांची आहे. प्राणिशास्त्रात एमएस्सी झालंय. शिकत असतानाच प्राण्यांच्या वर्तनावर छोटे व्हिडिओ करायला लागले आणि आता ते बरेच लोक बघतात. नुकतीच एका प्रयोगशाळेत पीएचडीसाठी निवड झाली. विषय आहे खारींचे धोक्याचे आवाज, म्हणजे मला हवा होता तसाच. पण होणाऱ्या गाईडनी अट घातली आहे की व्हिडिओ बंद करायचे. त्या म्हणाल्या, 'संशोधक व्हायचं की प्रसारक, ते आधी ठरव.' घरचे म्हणतात, दोन्ही सोड आणि सरळ नोकरी धर. मला दोन्हीपैकी काहीच सोडवत नाही.

आणखी एक. माझा सर्वांत जास्त बघितला गेलेला व्हिडिओ 'कावळे आपल्या मृतांचे अंत्यसंस्कार करतात' हा आहे. नंतर मूळ संशोधन वाचलं तेव्हा वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. आता तो इतका पसरलाय की काढवत नाही. पंधरा दिवसांत प्रयोगशाळेला उत्तर द्यायचंय. काय करू?

– द्विधा

प्रिय द्विधा,

तू विचारलंस पीएचडीबद्दल, पण मला आधी कावळ्यांबद्दल बोलायचंय. 'आणखी एक' म्हणून तू जे शेवटी जोडलंस, तोच माझ्या मते तुझ्या पत्रातला मुख्य मुद्दा आहे. तो नीट हाताळलास तर गाईडच्या अटीचं काय करायचं हेही बरंचसं उलगडेल.

ते संशोधन तू वाचलंयस, पण बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कायली स्विफ्ट आणि जॉन मार्झलफ या दोघांचा हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. मोकळ्या फिरणाऱ्या कावळ्यांना त्यांनी एका ठरावीक जागी खाण्यासाठी यायची सवय लावली. मग एके दिवशी तिथे मुखवटा घातलेली व्यक्ती येऊन उभी राहायची. तिच्या पुढे केलेल्या तळहातांवर पेंढा भरलेला मेलेला कावळा आडवा ठेवलेला असायचा. कावळे जमायचे आणि कर्कश आवाजात ओरडायला लागायचे. यानंतर तोच मुखवटा घालून कुणी रिकाम्या हातांनी आलं, तरी पुष्कळ कावळे त्या मुखवट्यावर ओरडत राहिले, काही ठिकाणी तर सहा आठवड्यांपर्यंत. जिथे मेलेला कावळा दिसला होता, तिथलं खाणं उचलायला ते पुढचे काही दिवस बिचकत होते. हातात मेलेलं कबूतर असलं तर मात्र एवढा गलका होत नव्हता. मुखवटे अशासाठी, की कावळे माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात. मदतीला आलेल्यांवर त्यांनी पुढे कायमचा दात धरला असता!

आता यातून काय कळलं ते बघ. मेलेला जातभाई ही कावळ्यांसाठी धोक्याची खबर असते, आणि तो धोका कुणाशी आणि कुठल्या जागेशी जोडायचा हे ते त्या गर्दीत शिकतात. एवढं या प्रयोगानं दाखवलं. त्यांना दुःख होतं का, हे त्यात तपासलेलंच नव्हतं. त्यामुळे 'कावळे शोक करतात' असं या प्रयोगाच्या जोरावर म्हणता येत नाही आणि 'कावळ्यांना भावना नसतात' असंही म्हणता येत नाही. तुझ्या व्हिडिओत नेमकी ही मधली जागा गाळली गेली. मला तर वाटतं, एका पाखरानं दुसऱ्याच्या मृतदेहाजवळ उभं राहून मारेकऱ्याचा चेहरा पाठ करणं हे अंत्यसंस्कारापेक्षा कितीतरी जास्त थरारक आहे. खरी गोष्ट हाताशी असताना तू तिच्यावर नको तो रंग चढवलास, याचं वाईट वाटतं.

तो व्हिडिओ गुपचूप काढून टाकू नकोस. ज्यांनी तो बघितला त्यांच्या डोक्यात ती गोष्ट बसलेली आहे आणि व्हिडिओ गायब झाल्यानं ती तिथून जाणार नाही. नवा व्हिडिओ कर, जुन्याइतकाच मन लावून. मी असं म्हटलं होतं, प्रत्यक्षात प्रयोग असा होता, त्यातून एवढंच म्हणता येतं, असं सरळ सांग. जुन्या व्हिडिओच्या माहितीत अगदी पहिल्या ओळीत नव्याचा दुवा दे. शीर्षकही बदल. नवा व्हिडिओ जुन्याच्या एक दशांश लोकांनी बघितला तरी तो केलेला बरा.

आणि उशीर करू नकोस. लांडग्यांचं उदाहरण आपल्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. लांडग्यांच्या कळपात एक 'अल्फा' असतो, तो मारामारी करून वर चढतो आणि बाकीच्यांना दाबून ठेवतो, ही कल्पना मुळात आली ती बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांतून. रुडॉल्फ शेंकेल यांनी ती 1947 मध्ये मांडली. डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे ती घरोघरी पोहोचली. पुढे मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे रानातल्या लांडग्यांच्या सोबतीनं काढले आणि त्यांना दिसलं की नैसर्गिक कळप हे बहुतेक वेळा साधं कुटुंब असतं: आई, बाप आणि त्यांची पिल्लं. पुढे चालतात ते आईबाप असतात म्हणून. कुणाला हरवून ते तिथे पोहोचलेले नसतात. 1999 मध्ये त्यांनी हे स्पष्ट लिहिलं. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा, असं प्रकाशकाला वारंवार विनवलं. तरीही आज कुत्र्यांना शिस्त लावणाऱ्यांपासून पुरुषांना 'मर्द' बनवायला निघालेल्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तोच अल्फा आहे. ज्या माणसानं ती कल्पना पसरवली त्यानंच ती मोडून काढायचा प्रयत्न केला, तरी ती मोडत नाही. म्हणून चूक ताजी असताना दुरुस्त करायची.

कधी कधी नुकसान कल्पनांच्या पलीकडे जातं. 2009 मध्ये स्लो लॉरिस नावाच्या चिमुकल्या, मोठ्या डोळ्यांच्या प्राण्याला गुदगुल्या केल्याचा एक व्हिडिओ जगभर गाजला. हात वर करून तो जणू 'अजून करा' म्हणतोय, असं लोकांना वाटलं. हात वर करणं हा त्या प्राण्याचा बचावाचा पवित्रा आहे. त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला एक ग्रंथी असते. तिचा स्राव तो चाटतो आणि लाळेत मिसळून त्याचा चावा विषारी होतो. म्हणजे बघणाऱ्यांना जो लाड वाटला, त्यात तो जीव घाबरलेला होता. त्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया संशोधकांनी पुढे तपासल्या, तेव्हा 'मलाही असा एक हवा' म्हणणारे पुष्कळ निघाले. तोवर लॉरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आलेली होती, तरीही. प्राण्याचं वर्तन चुकीचं वाचणं आणि ते चुकीचं वाचन हजारोंपर्यंत पोहोचवणं यांतून शेवटी प्राण्याच्याच जिवावर कसं बेततं, हे त्यातून दिसतं.

म्हणून मी स्वतः एक सवय लावून घेतली आहे आणि ती तुला द्यायची आहे. लोकांसमोर प्राण्याबद्दल काहीही सांगताना 'हे कळलं कसं?' याचं उत्तर त्याच गोष्टीत यायला हवं. काय दिसलं, कुणी कसं बघितलं, आणि तेच दिसण्याची दुसरी कुठली कारणं असू शकतात. यानं गोष्ट कोरडी होते असं समजू नकोस. वेडा राघू घे. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 2002 मध्ये या पक्ष्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेडा राघू जमिनीत किंवा मातीच्या उतारावर बीळ करून पिल्लं वाढवतो. चोचीत किडा घेऊन आलेला पक्षी जवळ माणूस उभा दिसला की बिळात शिरायला कचरतो. यांनी विचारलं की तो नुसत्या माणसाच्या असण्याला कचरतो, की त्या माणसाला बीळ दिसतंय याला? मग माणूस कधी अशा जागी उभा केला की तिथून बिळाचं तोंड दिसेल, कधी अशा जागी की मध्ये आडोसा येऊन ते दिसणार नाही. बीळ दिसत असलं की पक्षी जास्त कचरायचा, दिसत नसलं की बिनधास्त आत जायचा. महागडं उपकरण कुठलंच नाही. एक नेमका प्रश्न आणि उभं राहायच्या दोन जागा.

यावर 'वेडा राघू माणसाचं मन वाचतो' असा मथळा देणं सोपं आहे. त्याऐवजी बघणाऱ्यांनाच विचार की पक्ष्यानं खरंच माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं असेल, की 'बिळासमोर डोळे दिसले तर थांब' एवढा साधा नियम त्याला पुरला असेल? या दोहोंत फरक करायचा तर पुढचा प्रयोग कसा करशील? लोक अशा प्रश्नावर थांबतात आणि विचार करतात, हा माझा अनुभव आहे. शाळकरी मुलं तर मोठ्यांच्या आधी प्रयोग सुचवतात.

आता तुझी पीएचडी. ती जागा घे. माझ्या मनात याबद्दल शंका नाही, आणि याचं कारण पदवीपेक्षा वेगळं आहे. व्हिडिओ करणाऱ्याची नजर नाट्याकडे जाते. पन्नास खारी शांतपणे खात असतील आणि एक किंचाळत असेल तर कॅमेरा त्या एकीकडे वळतो. वर्तनाच्या अभ्यासात पहिली काही वर्षं नजरेची हीच ओढ मोडण्यात जातात. जीन आल्टमन यांनी 1974 मध्ये निरीक्षणाच्या पद्धतींवर एक पेपर लिहिला, तो आजही या क्षेत्रातल्या प्रत्येकाला वाचावा लागतो. त्यात एक पद्धत आहे, फोकल सॅम्पलिंग. एक प्राणी आधीच निवडायचा, ठरलेली मिनिटं फक्त त्याच्यावर नजर ठेवायची आणि तो जे जे करेल ते नोंदवायचं. शेजारच्या फांदीवर कितीही मोठं भांडण पेटलं तरी मान वळवायची नाही. तुझी खार दहा मिनिटं नुसती बसून राहिली तर 'बसली आहे' हीच नोंद. ही शिस्त नसेल तर जे ठळक दिसतं तेच वहीत उतरतं, आणि मग 'खारी सतत एकमेकींना सावध करतात' असा निष्कर्ष निघतो, कारण गप्प बसलेल्या खारीकडे कुणी बघितलेलंच नसतं.

त्या आधी वर्तनसूची करावी लागेल, ज्याला आम्ही एथोग्राम म्हणतो. 'घाबरली' हा शब्द त्यात चालत नाही. 'शेपटी झटकली', 'चारही पाय टेकून स्थिर', 'खोडाच्या मागच्या बाजूला सरकली' असे शब्द चालतात, म्हणजे दोन वेगळी माणसं एकच दृश्य बघून तीच नोंद करतील. ही सूची करताना तुझी भाषाही बदलेल. व्हिडिओत बोलताना तो फरक तुला स्वतःलाच ऐकू येईल.

तुझा विषय मला फार आवडलाय, म्हणून त्यावर थोडं रेंगाळते. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी 1963 मध्ये सांगितलं की कुठल्याही वर्तनाबद्दल चार वेगळे प्रश्न विचारता येतात आणि त्यांची सरमिसळ करू नये. खार ओरडते ती आत्ता कशामुळे, म्हणजे तिनं काय बघितलं आणि तिच्या शरीरात काय घडलं? पिल्लू हे ओरडणं कसं शिकतं? ओरडून तिचा काय फायदा होतो? आणि तिच्या पूर्वजांपासून ही हाक कशी घडत आली? प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या मार्गानं मिळतं. फायद्याचाच प्रश्न घे. जी ओरडते तिच्याकडे शिकाऱ्याचं लक्ष जातं, मग ती गप्प का बसत नाही? पॉल शर्मन यांनी 1977 मध्ये बेल्डिंगच्या भूखारींवरचं काम प्रसिद्ध केलं. जमिनीवरचा शिकारी दिसल्यावर ज्या माद्यांच्या आसपास मुली, बहिणी, आई अशी नाती होती, त्या जास्त ओरडत होत्या. शिकण्याच्या प्रश्नावर माकडांचं उदाहरण आहे. आफ्रिकेतली व्हर्व्हेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळी हाक देतात. पिल्लं गरुडाची हाक सुरुवातीला कुठल्याही उडत्या वस्तूला देतात, अगदी गळणाऱ्या पानालासुद्धा. वय वाढेल तशी ती हाक खऱ्या शिकाऱ्यांपुरती उरते.

माकडांच्या हाकांना वेगळा अर्थ आहे हे सायफार्थ, चेनी आणि मार्लर यांनी 1980 मध्ये दाखवलं ते आवाज वाजवून. आसपास शिकारी नसताना लपवलेल्या स्पीकरवरून रेकॉर्ड केलेली हाक ऐकवायची. बिबट्याची हाक वाजली की माकडं झाडावर, गरुडाची वाजली की नजर आकाशाकडे, सापाची वाजली की मागच्या पायांवर उभं राहून गवतात शोध. तूही बहुधा हेच करशील, तेव्हा एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण इथे चांगले विद्यार्थीही अडकतात. एका खारीची एकच हाक रेकॉर्ड करून ती तीस खारींना ऐकवलीस तर तू खारींची हाक तपासलेली नसतेस, ती एक रेकॉर्डिंग तपासलेली असतेस. त्यात मागे कुठे फांदी मोडली असेल, त्या खारीचा आवाज इतरांपेक्षा चिरका असेल, कुणास ठाऊक. वेगवेगळ्या खारींच्या पुष्कळ हाका गोळा कराव्या लागतात. यातच पहिलं वर्ष जाऊ शकतं आणि त्यात वाया काही जात नाही.

दुसरं, हाक ऐकून खारी काय करतात याच्या व्हिडिओफिती तपासून नोंदी करताना ही फीत कुठल्या हाकेची आहे हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी बर्लिनमधल्या हान्स नावाच्या घोड्याची परीक्षा घेतली होती. तो खुरानं ठोके देऊन गणितं सोडवतो अशी ख्याती होती. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसलं की घोड्यालाही ते येत नसे. विचारणाऱ्याच्या मानेची, चेहऱ्याची नकळत होणारी बारीक हालचाल बघून तो ठोके थांबवायचा. फसवणूक कुणीच करत नव्हतं. आपल्याला हवं ते दिसण्याची शक्यता प्रामाणिक माणसालाही तितकीच असते, म्हणून ही काळजी.

हे सगळं शिकल्यावर तू जे व्हिडिओ करशील ते आजच्यापेक्षा फार वेगळे असतील.

आता गाईडच्या अटीकडे येऊ. त्यांना फोन करू नकोस, भेट माग. 'व्हिडिओ का नकोत?' हे शांतपणे विचार आणि त्यांचं पूर्ण ऐकून घे. त्यांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तिन्हींना एकच उत्तर नाही. वेळेची काळजी असेल तर ती रास्त आहे. खारींचा विणीचा काळ तुझ्या वेळापत्रकासाठी थांबणार नाही, आणि त्या महिन्यांत व्हिडिओ पूर्ण बंद ठेवायचं कबूल करणं तुझ्याच हिताचं आहे. प्रसिद्ध न झालेला डेटा बाहेर जाईल अशी भीती असेल तर लेखी मान्य कर की प्रयोगशाळेचं चालू काम, आकडे, रेकॉर्डिंग पेपर येईपर्यंत कुठेही दिसणार नाहीत. ढोलीची, घरट्याची जागा तर कधीच नाही. फोटोसोबत ठिकाणाची नोंद आपोआप जाते, ती बंद करायला शिक. तिसरी शक्यता म्हणजे त्यांनी तुझा कावळ्यांचा व्हिडिओ बघितला असेल. एखाद्या शास्त्रज्ञानं तो बघून 'ही मुलगी पुराव्यापुढे पळते' असं ठरवलं असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. दुरुस्तीचा व्हिडिओ भेटीच्या आधी झालेला हवा, तो यासाठीही.

एवढं बोलल्यावरही त्या 'विज्ञानप्रसार हे संशोधकाचं कामच नव्हे' यावर ठाम राहिल्या तर त्यांना टिनबर्गनचं नाव सांगायला हरकत नाही. हॉलंड जर्मनीच्या ताब्यात असताना ज्यू प्राध्यापकांच्या हकालपट्टीला विरोध केला म्हणून त्यांना ओलिसांच्या छावणीत टाकलं होतं. तिथून त्यांनी आपल्या मुलांसाठी स्टिकलबॅक माशाची चित्रकथा लिहिली. या माशात घर बांधून अंडी सांभाळणारा बाप असतो, आणि तेच त्यांच्या संशोधनाचंही आवडतं पात्र होतं. पुढे त्यांनी सामान्य वाचकांसाठी पुस्तकं लिहिली, कुरव पक्ष्यांच्या वसाहतीवर चित्रपट केला, आणि 1973 मध्ये कार्ल फॉन फ्रिश व कोनराड लोरेन्झ यांच्याबरोबर त्यांना नोबेलही मिळालं. फॉन फ्रिश यांनीही मधमाश्यांबद्दल लोकांसाठी भरभरून लिहिलं. या क्षेत्राचा पायाच दोन्ही कामं करणाऱ्यांनी घातलेला आहे.

मात्र एक गोष्ट मी लपवणार नाही. दोन्ही कामं आयुष्यभर सारख्याच जोरानं चालतील याची हमी नाही. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल 1960 मध्ये आफ्रिकेतल्या गोम्बेच्या जंगलात गेल्या आणि चिंपांझी काडी वापरून वाळवी बाहेर काढतात हे त्यांनी जगाला दाखवलं. 1986 मध्ये चिंपांझींवरच्या एका परिषदेत जंगलांची आणि बंदिस्त चिंपांझींची अवस्था ऐकून त्या बाहेर पडल्या आणि नंतरचं आयुष्य त्यांनी लोकांशी बोलण्यात घालवलं. रोजचं निरीक्षण इतरांनी पुढे चालवलं. तुलाही कधी असं एकीकडे झुकावं लागेल. पण त्यांच्या शब्दाला जे वजन होतं ते आधीच्या पंचवीस वर्षांच्या निरीक्षणांचं होतं, आणि तू आज चोवीस वर्षांची आहेस.

संकोच न करता आणखी एक काम कर. त्या प्रयोगशाळेत शिकून बाहेर पडलेल्या दोघातिघांशी बोल. गाईड मसुदे किती दिवसांत वाचतात, पेपरवर नाव कुणाचं आधी येतं, विद्यार्थी आजारी पडला तर काय होतं, किती जणांनी पीएचडी अर्ध्यात सोडली. ही उत्तरं वाईट आली तर व्हिडिओची अट कितीही सैल असली तरी ती जागा घेऊ नकोस. उत्तरं चांगली आली आणि अट कडक असली, तर पहिली दोन वर्षं व्हिडिओ थांबवूनही जा. शाळांमध्ये जाऊन बोलायला, निसर्गफेरीत लोकांना खारी दाखवायला बहुतेक गाईड हरकत घेत नाहीत, आणि समोरच्या माणसाचा चेहरा बघत सांगण्यात जे शिकायला मिळतं ते कॅमेऱ्यापुढे मिळत नाही.

घरच्यांच्या काळजीला खोटा दिलासा देऊ नकोस. विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा मिळणं अवघड आहे, पीएचडीनंतरही पोस्टडॉकची, म्हणजे तात्पुरत्या संशोधन-नोकऱ्यांची, अस्थिर वर्षं येतात आणि पीएचडी झालेल्या बहुतेकांना ती जागा मिळत नाही. पण हे काम जाणणाऱ्यांना इतर दारं आहेत: प्राणिसंग्रहालयात प्राणी तणावात आहे का हे ओळखणं, वन्यजीव आणि माणूस यांच्यातले संघर्ष कमी करणं, संग्रहालयं, विज्ञान पत्रकारिता, माहितीपटांसाठी संशोधन. यांतल्या बऱ्याच ठिकाणी तुझी सांगण्याची हातोटी कामाची आहे. संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग पहिल्याच वर्षी पक्कं शिक, नंतर करू म्हणून सोडू नकोस. डेटा हाताळता येणाऱ्याला जीवशास्त्राबाहेरही काम मिळतं, हे घरच्यांना सांगता येईल आणि ते खरं आहे.

तुझ्याकडे पंधरा दिवस आहेत. या आठवड्यात कावळ्यांचा नवा व्हिडिओ कर. स्विफ्ट आणि मार्झलफ यांचा पेपर पुन्हा एकदा वाच, या वेळी पद्धतीचा भाग आधी आणि निष्कर्ष नंतर. पुढच्या आठवड्यात गाईडना भेट, आणि जे ठरेल ते त्याच दिवशी ईमेलनं लिहून पाठव: कुठल्या महिन्यांत व्हिडिओ बंद, काय दाखवायचं नाही, कशासाठी आधी परवानगी घ्यायची. त्यांचं उत्तर आल्यावरच होकार कळव.

तुझी,
ताई